बांगड्या ऐकणारं बाळ

“अखिलाक्का, तिसऱ्यांदा मोजताय तुम्ही,” प्रयोगशाळेतली तिची मदतनीस साईप्रिया म्हणाली.

“मोजू दे.” अखिलाने सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले नाहीत. तंजावूरच्या या प्रसूती रुग्णालयात तिची वीस वर्षं रक्त तपासण्यात गेली होती.

आईच्या रक्ताचा थेंब काचेवर आम्लाने धुतल्यावर तिच्या पेशी पुसट होतात, त्यात मिसळलेल्या बाळाच्या गडद गुलाबी राहतात. दोन हजारांत एखादी गुलाबी दिसली तर चालतं. इथे साठ होत्या. बाळाचं रक्त पोटातल्या पोटात आईकडे वाहून गेलं होतं. आई म्हणजे अखिलाची भाची, नंदिता. बाळ सकाळीच गेलं.

रविवारी राजवाड्याजवळच्या गल्लीत, भावाच्या घरी नंदिताचं वळैकाप्पु होतं. नवव्या महिन्यात हात भरून बांगड्या घालायच्या, म्हणजे बाळ त्यांचा आवाज ऐकतं. पाहुण्यांच्या गर्दीत नंदिता अखिलाच्या कानाशी लागली होती, “अत्या, सकाळपासून हाललंच नाही गो हे.”

“बांगड्या ऐकतंय ते, म्हणून निमूट आहे,” अखिला म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या. नंदिताही हसली.

दवाखान्यात दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं, तर अखिलाने तिच्या अंगावर ओरडून तिला लेबर वॉर्डात पिटाळलं असतं. त्याच दिवशी बाळ बाहेर काढून रक्त चढवलं असतं, तर कदाचित वाचलं असतं. ते ‘कदाचित’ तिचा जीव कुरतडत होतं.

नंदिताचा रक्तगट निगेटिव्ह होता, बाळाचा पॉझिटिव्ह. बाळाच्या या पेशी वेळेत मारल्या नाहीत, तर पुढच्या बाळावर आईचंच रक्त उठणार. एरवी एक इंजेक्शन पुरतं. अखिलाने चौथ्यांदा मोजलं, तरी साठच. तिने डॉक्टरांना फोन लावला. “एक नाही पुरणार. सहा लागतील. आजच.”

संध्याकाळी ती वॉर्डात गेली. इंजेक्शनं देऊन झाली होती. नंदिताचे हात सुजले होते, बांगड्या रुतल्या होत्या.

“सिस्टर फोडते म्हणते,” नंदिता म्हणाली. “तुम्ही काढा, अत्या.”

अखिलाने मनगटाला साबण लावला.

“अत्या, ते खरंच ऐकत होतं?”

अखिलाचे हात थांबले. हो म्हणणं किती सोपं होतं.

“नाही गो. मी चुकले. तेव्हाच तुला इथे आणायला हवं होतं.”

नंदिताने हात मागे घेतला नाही. अखिलाने पलंगावर टॉवेल अंथरला आणि ती एकेक बांगडी सोडवून त्यावर ठेवत गेली, एकीचा दुसरीला धक्का लागू न देता.