घोडा डावीकडेच फिरतो

माधव केळकरांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरात होम थिएटर बसवायचं ठरवलं. बायकोला, मंदाकिनीबाईंना, कुणी विचारलं नव्हतं. त्या शाळेत शिकवून घरी आल्या तर हॉलच्या भिंतींवर खडूच्या खुणा. इथे पुढचे स्पीकर, तिथे मागचे.

"मी कुठे बसायचं तेही आखलंय का?" त्यांनी विचारलं.

माधवराव टेपनं भिंत मोजत राहिले.

रविवारी दोघं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेले. दुकानदार रंगनाथनं काउंटरवर वायरींची वेटोळी मांडली. मागच्या स्पीकरपर्यंत अंतर जास्त, तिथे बारीक वायर घेतली तर आवाज पडेल, असं तो म्हणाला. माधवरावांनी प्रत्येक वायर सोलून तांबं पाहिलं. पिना, स्टँड, भिंतीवरच्या पट्ट्या, सगळ्याची चौकशी झाली. मग रंगनाथनं त्यांना खुर्चीत बसवून नमुन्याची सीडी लावली. एक घोडा टापा वाजवत खोलीभर फिरू लागला. मंदाकिनीबाईंनी डोळे मिटले. घोडा डावीकडून आला, समोरून गेला, उजव्या खांद्यामागे जाऊन थांबला.

"उजवीकडे काही लागत नाहीये," माधवराव म्हणाले. "घोडा डावीकडेच फिरतोय."

रंगनाथनं पिना तपासल्या, वायर बदलली. तरी घोडा डावीकडेच.

"अहो, जरा उलटं, दाराकडे तोंड करून बसा," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

ते बसले. "आताही डावीकडेच."

रंगनाथनं बाईंकडे पाहिलं आणि तो सीडी पुसायला लागला. माधवरावांनी वायर हलकी असल्याचं सांगून सगळ्यांत जाड वायर बांधून घेतली.

घरी वायरिंग झालं. माधवरावांनी पुन्हा पुन्हा जोडण्या उलटसुलट करून पाहिल्या. शेवटी ते फोनपाशी गेले. बँकेत उजव्या हातानं लिहायचं म्हणून रिसीव्हर कायम डाव्या कानाला. आज त्यांनी तो उजव्या कानाला लावला. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या.

"डायल टोन नाही," ते म्हणाले, आणि सोफ्यावर बसले.

डॉक्टरांनी लहानपणी गालगुंड झालं होतं का, असं विचारलं. झालं होतं. तेव्हाच उजवा कान गेला असणार. एक चांगला असला की माणसाला कळतसुद्धा नाही. इलाज नव्हता.

 रिक्षात बसल्यावर मंदाकिनीबाईंच्या मनात हिशेब सुरू झाला. जेवायला बसताना, झोपताना, त्यांची जागा नवऱ्याच्या उजव्या हाताला. लग्नापासून. उत्तर न आलेले किती प्रश्न त्यांनी मनाला लावून घेतले होते. त्यांना हलकंही वाटलं आणि थोडं फसल्यासारखंही.

घरी पोचल्यावर त्या डावीकडे येऊन बसल्या.

"शौनकच्या वेळी दिवस राहिले होते, तेव्हा मी म्हटलं होतं, बाळंतपण झालं की एम.ए. करीन. तुम्ही काहीच बोलला नाहीत. ऐकू आलं नव्हतं ना?"

 माधवरावांना होय म्हणणं सोपं होतं.

"ते आलं होतं," ते म्हणाले. "तुझ्या आईकडे बसलो होतो आपण. तू समोर होतीस."

"मग?"

"नको वाटलं. घरचं कसं होणार म्हणून. गप्प राहिलो की विषय सुटेल असं वाटलं."

"सुटला," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

त्या दिवशी स्वयंपाक झाला, जेवणं झाली. भांडण झालं नाही. पुढच्या जूनमध्ये बाईंनी बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून एम.ए.ला नाव घातलं. त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही, फक्त सांगितलं. अभ्यासाला त्या आतल्या खोलीत दार लावून बसत. बाहेर माधवराव सिनेमा लावत आणि आवाज पार कमी ठेवत.