हळदीची पहिली ओळ

माझ्या नातीच्या, सुचिताच्या हळदीच्या सकाळी माझा मुलगा नामदेव खोलीत आला आणि पंख्याकडे बघत बोलला, "आये, संध्याकाळी तू वरच बस. पोराकडचे घाटावरचे हान, साताऱ्याचे. त्यांना चालनार नाय."

"कोन बोलला?"

"बोलायला कशाला पायजे? कळतं ना."

मालकांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी आमच्या गावची धवलारीण. कोपरखैरण्यात टॉवर नव्हते, खाडीपर्यंत भाताची शेतं होती, तेव्हा आमच्यात लग्नाला भट नसायचा. धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायची, तिच्या तोंडून लग्न लागायचं. माझी सासू पुतळाबाय गायला बसली की पंचसुद्धा टोप्या सांभाळत गप्प बसायचे. तीही विधवाच होती. तिचं कपाळ कोणी बघितलं नाही. मग शेतं गेली, हॉल आले, हॉलबरोबर गुरुजी आले. माझ्याकडे हळदीचे धवले तेवढे उरले होते.

दिवसभर खोलीतच बसून राहिले. धवल्याशिवाय हळद लागली तर नातीचं कसं होईल? आणि मी खाली गेले नि सोयरीक मोडली तर?

सुचिता पिवळी साडी नेसून आली. "आजी, तू गात नाय तर मी पाटावर बसत नाय."

"जा गो माझे बाय. माझ्यापायी तमाशा नको."

ती पाय आपटत गेली. खाली डीजे सुरू झाला. मी खिडकीशी बसले. उष्टी हळद घेऊन पोराकडच्या बायका आल्या. चौघी मांडवात शिरल्या, पाचवी चपलांच्या ढिगापाशीच थांबली. नवऱ्यामुलाची आई. साखरपुड्याला मी गेले नव्हते, पण फोटोत तिला पाहिलं होतं. मुलाला बाप नाही हे ठाऊक होतं. ती अशी उभी राहील हे डोक्यात आलं नव्हतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मालक गेल्यापासून मीही लोकांच्या दारात तशीच उभी राहते.

कठडा धरून जिना उतरले. नामदेवने लांबूनच डोळे वटारले.

"बाय, लांब का उभ्या?" मी तिला विचारलं.

"जाऊबाईंना धाडलंय की पुढं, मावशी. माझं तुमच्यात चालायचं नाही."

"कोन बोलला?"

"बोलायला कशाला पाहिजे? कळतंय की."

मी तिचा हात धरला. "तुमचा नाव काय?"

"राजलक्ष्मी."

डीजे बंद करायला लावला. तिला पाटापाशी नेलं आणि पहिली ओळ घातली, तिच्या नावाची. धवला एकटीचा नसतो. धवलारणीने ओळ टाकायची, बायकांनी उचलायची. कोणीच उचलली नाही. साताऱ्याच्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या, आमच्या बायका नामदेवकडे. राजलक्ष्मी हात सोडवू लागली. मोडलं, पोरीचं लग्न मी मोडलं.

धवला चालू असताना नवरीने तोंड उघडायचं नसतं. पाटावरून सुचितानेच ओळ उचलली. बेसूर, पण मांडवभर ऐकू जाईल अशी. मग मागून तिच्या आईने.

नामदेवकडे बघायचं धाडस मला होईना. दुसरी ओळ टाकता टाकता मी राजलक्ष्मीचा हात हळदीच्या ताटाकडे ओढला.