उठलेला माणूस परत बसत नाही

पीटी सरांची कंबर धरली ती बुटाची नाडी बांधताना. आयुष्यभर दुसऱ्यांना वाकायला लावणाऱ्या माणसावर ही वेळ यावी, यात दैवाचा काही हात नसावा. नाडी आखूड होती, एवढंच.

"रजा टाका," बायको म्हणाली.

"आज?" सर म्हणाले, आणि जेवढं सरळ होता आलं तेवढ्यावर समाधान मानून बस स्टॉपकडे निघाले.

आज मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, वार्षिक संचलन कोणाच्या हाती द्यायचं ते ठरवणार होत्या. आजवर हे ठरवायची वेळच आली नव्हती. संचलनाच्या पुढे सर, सरांच्या मागे शाळा, हे पृथ्वी गोल आहे इतकं पक्कं होतं. पण यंदा धाकटे सर रुजू झाले होते. धाकट्या सरांच्या बुटांना नाड्याच नव्हत्या.

बस अशी भरली होती की आत शिरलेल्या माणसाला स्वतःचा दुसरा हात शोधावा लागत होता. सरांनी दोन्ही हातांनी वरचा दांडा धरला आणि समोर पाहिलं, तर मोठ्या बाई आडव्या सीटवर बसून त्यांच्याकडेच बघत होत्या.

"बरं आहे ना सर?"

"एकदम फिट."

तेवढ्यात सरांच्या पुढ्यातली एक बाई उठली. खांद्याला ऑफिसची पर्स, केसांत चुकार पांढरे दोन-तीन. "बसा ना सर."

दुसरे कोणी सर मागे उभे आहेत का, हे सरांना बघायचं होतं. मान वळली, मानेखालचे सर वळले नाहीत. सीटवरची पाटी मात्र वळावं न लागता दिसत होती: ज्येष्ठांसाठी राखीव. तिथे टेकणं म्हणजे मोठ्या बाईंच्या साक्षीने संचलनाला रामराम ठोकणं.

"तू बस बाळ. मी उभाच असतो नेहमी."

"नाही सर. उठलेला माणूस परत बसत नाही."

हे वाक्य सरांचंच होतं. दर शनिवारी मैदानात बाकं ओळीने मांडून ते बस-कवायत घेत. एक शिट्टी: दारात घोटाळू नका, आत सरका. दोन शिट्ट्या: वडीलधारं माणूस चढलंय, उठा. तीन: दप्तर पाठीवरून काढा, पोटाशी धरा. उठून जो पुन्हा टेकेल त्याला मैदानाला फेरी. "दिलेली जागा परत घ्यायची नसते," सर सांगत. न हलणाऱ्या बसमध्ये शिस्त कोणीही पाळेल, असं शिक्षकांच्या खोलीत हसून बोललं जाई. सर म्हणत, आधी न हलणाऱ्या बसमध्ये तर पाळू दे.

तर आता मुंगीला पाय ठेवायला जागा नसलेल्या बसमध्ये एक सीट रिकामी होती.

"रिकामी आहे का ही?" खोकं डोक्यावर धरलेल्या एका गृहस्थाने विचारलं.

"सरांची आहे," पर्सवाली म्हणाली.

"सर कुठायत?"

"हे काय, उभे."

"मग बसत का नाहीत?"

"त्यांना विचारा. आम्ही त्यांना कधीच काही विचारलं नाही."

माणसांमधून पोहत कंडक्टर आला. "काका, बसा की. मागे लोक एका पायावर आहेत आणि इथे तुम्ही सीटचं प्रदर्शन मांडलंय."

"मला उभं राहायला आवडतं."

"आवडीनिवडी घरी, काका."

पुढच्या स्टॉपवर काठी टेकत एक आजी चढल्या. सरांना एवढं हायसं संचलनात पहिला नंबर आल्यावरही वाटलं नव्हतं. "आजी, या, बसा," ते बसच्या मालकाच्या थाटात म्हणाले.

आजींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तूच बस रे बाबा. तुझा चेहरा बघवत नाही. माझे पाय दुखतात तेवढेच."

मोठ्या बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

बसला खड्डा लागला. कंबरेतून कळ निघाली ती थेट तोंडापर्यंत आली. 'आई गं' तोंडातून निसटू नये म्हणून सरांनी गळ्यातली शिट्टी उचलून दातांत धरली. उपाय चांगला होता, पण कण्हण्याला श्वास लागतो आणि शिट्टीला तेवढाच पुरतो. ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला, सोडला आणि पुन्हा लावला.

दोन शिट्ट्या झाल्या. स्वच्छ, खणखणीत.

पर्सवाली उभीच होती. तिच्या मागचा कानात गाणी ऐकणारा तरुण उठला. टक्कल पडलेला एक जण पेपरसकट उठला. शेवटच्या सीटवर झोपलेला पोस्टमन आधी उठला आणि मग जागा झाला. आणि समोरच्या आडव्या सीटवरून, पर्स पोटाशी धरून, मोठ्या बाई उठल्या. त्या सरांच्या पहिल्यावहिल्या तुकडीतल्या. हे सरांना आठवत होतं, पण एवढी वर्षं दोघांनीही तो विषय चारचौघांत काढला नव्हता.

आता बसमध्ये बऱ्याच सीट रिकाम्या होत्या आणि उठलेलं कोणीही परत बसत नव्हतं. आजींनी नीट पाहणी करून खिडकीची घेतली. खोकंवाल्याने खोक्याला एक वेगळी दिली.

मोठ्या बाई दांडा धरून सरांशेजारी येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ दोघं एकाच वेळी डावीकडे कलली, एकाच वेळी उजवीकडे.

"संचलन धाकट्या सरांना द्यायचं ठरवून निघाले होते मी," त्या हळूच म्हणाल्या. "ते शिट्टी वाजवतात तेव्हा मुलं 'काय झालं' म्हणून बघतात."

"शिकतील," सर म्हणाले. शिट्टी दातांत असल्याने ते हलकेच वाजलं, म्हणून त्यांनी ती काढली.

"पुढे चालायला ते. शिट्टीला तुम्ही. मैदानात खुर्ची टाकते."

"खुर्ची?"

"हातांची. सर, मी कुठे पाटी लावतेय तिच्यावर."

सरांनी शिट्टी गळ्यात सोडली. मग पाटीखालच्या सीटकडे पाठ करून, टप्प्याटप्प्याने, एखादी क्रेन सामान उतरवते तसे खाली उतरले आणि बसले. बसभर सुस्कारा पसरला. कंडक्टरने तर घामही पुसला.

शाळेचा स्टॉप आला. सरांनी दांड्याकडे हात नेला, पण कंबरेने साथ दिली नाही. मोठ्या बाईंनी त्यांच्या गळ्यातली शिट्टी अलगद उचलली, पदराने पुसली आणि दोनदा वाजवली.

सर उठले.

खिडकीतल्या आजींनाही उठावंसं वाटलं, पण त्या वेगळ्या शाळेच्या होत्या.