आमच्या सड्यावरचं फुरसं

संगमेश्वरहून वर चढून गेल्यावर लागणाऱ्या त्या गावात नम्रता पहिल्यांदाच बोलायला आली होती. ती सापांच्या विषावर संशोधन करायची, आणि प्रयोगशाळेतलं काम लोकांना कळेल असं सांगणं हा तिच्या नोकरीचाच भाग होता. शाळेच्या वर्गात तीसेक माणसं जमली होती, बहुतेक बायका.

"घोड्याला थोडंथोडं विष टोचतात," ती सांगत होती. "त्याचं रक्त त्या विषाशी लढायला शिकतं. त्या रक्तापासून आपलं इंजेक्शन बनतं. पण ते विष बहुतेक दक्षिणेतल्या सापांचं असतं. तिकडचं फुरसं आणि आपल्याकडचं, दिसायला एकच. विष मात्र वेगळं असू शकतं. त्यामुळे औषध किती कमी पडतं, ते आम्ही शोधतोय. तोवर हेच औषध आहे. ते लवकर मिळायला हवं. माणसं दगावतात ती उशिरानेच."

मागच्या बाकावरून एक बाई उठली. हौसा तिचं नाव. पन्नाशी उलटलेली.

"बाय, माजा ल्योक नितेश मागल्या दिवाळीत गेला," ती म्हणाली. "मुंबैवरनं गवत कापायला आलेला. बोटाला फुरसं चावलं. मी मुळी उगाळून लावली, त्यात अर्धा तास गेला. मग दवाखान्यात नेला. इंजेक्शनं दिली, एक नाय, वीस दिली. तरी हिरड्यांतनं रगत थांबलं नाय. तिसऱ्या दिवशी गेला. तो माज्या अर्ध्या तासानं गेला, का औषध आमच्या फुरशाचं नव्हतं म्हणून?"

आपण 'उशिरानेच' म्हणालो, हे नम्रताला आता ऐकू आलं. औषधामुळे, असं सांगून मोकळं होता आलं असतं.

"काकी, मला नाही सांगता येणार. दोन्ही असेल."

"मग कोण सांगंल?"

"आता कुणीच नाही."

हौसा खाली बसली. 

माणसं पांगल्यावर हौसाने तिला घरी नेलं, कोरा चहा दिला आणि मोबाईल पुढे केला. सून मनस्वी नितेशच्या बाराव्यानंतर नातीला घेऊन खेडला माहेरी गेली होती. तुमच्या मुळीने मारलं त्यांना, एवढंच बोलून गेली होती.

"तू शिकलेली. तुजं ऐकंल. लाव फोन."

नम्रताने अंगणात जाऊन फोन लावला. मघाचंच सगळं पुन्हा सांगितलं. मनस्वीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे आईंचा दोष नव्हता, असं नक्की म्हणताय तुम्ही?"

"नक्की नाही म्हणता येत. होता असंही नाही म्हणता येत."

"मग फोन कशाला केलात?" मनस्वी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

हौसा दारातच उभी होती. काय झालं ते तिला चेहऱ्यावरूनच कळलं.

"तुमचं ते शोधून कवा व्हईल?"

"चार-पाच वर्षं तरी. आधी इथली फुरशी मिळायला हवीत."

"तवर नात माजं तोंड विसरंल." तिने पदर खोचला. "चल. कुटं चावलं ती जागा दाखवते."

सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, गवत पुन्हा कमरेएवढं वाढलं होतं. यंदा ते कुणी कापलं नव्हतं. हौसा दगड रचून केलेल्या गडग्यापाशी थांबली आणि तिने बोट दाखवलं. नम्रता सोबत आणलेल्या, साप धरायच्या लांब चिमट्याने एकेक सुटा दगड उलटून बघत गेली. ऊन कलेपर्यंत एकही फुरसं दिसलं नाही.

"उद्या परत ये," हौसा म्हणाली. "हायत ती हितंच."