सातवा फलक

"डावी बाजू वर घ्या. अजून थोडी... बास, बास!"

जीनने खालून हात केला तसा शिडीवरच्या दत्तारामने फलक भिंतीला दाबून धरला आणि तोंडातला स्क्रू काढला. शोरूमच्या लांब भिंतीवर सकाळपासून कंपनीचा इतिहास लागत होता. पहिल्या फलकावर कातडी ॲप्रन बांधलेले संस्थापक, मग घोडा नसलेल्या बग्गीसारखी दिसणारी पहिली गाडी, मग शर्यती, ढाली, टोप्या उडवणारी गर्दी. शेवटच्या फलकावर वाळूच्या टेकडीवर उभी असलेली काळी सलून गाडी आणि तिच्याकडे प्रेमाने बघणारे पायघोळ पांढरा कंदुरा घातलेले दोन अरब म्हातारे. जीनला हे सगळं तोंडपाठ होतं. जर्मन गाडीचं नाव घेतलं की समोरचं गिऱ्हाईक खुर्चीत सरळ बसतं, हे तिने इतकी वर्षं पाहिलं होतं. हल्ली मात्र तेच गिऱ्हाईक सरळ बसून सगळं ऐकून घेतं आणि पलीकडच्या शोरूममध्ये जाऊन चिनी इलेक्ट्रिक गाडी बुक करतं. इतिहास ऐकायला लोकांना आवडतो, त्याचं पुढे काय करायचं ते त्यांचं ते ठरवतात.

म्हणून तर हे प्रदर्शन. उद्या जर्मनीहून हेड ऑफिसच्या मिस केलर येणार होत्या आणि त्याआधी सगळं ठाकठीक हवं होतं.

विघ्नेश फोनवर बोलत बोलत आला, भिंतीवरून नजर फिरवत चालत गेला आणि सातव्या फलकापाशी थांबला. त्याने फोन बंद केला. तो ठाण्याचा. इथे आखातात जनरल मॅनेजर, जीनपेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी लहान. कधी आवाज चढवायचा नाही. जीनला त्याचं तेच जास्त डाचायचं.

"हे काय आहे?"

"सातवा फलक, सर. लढाईची वर्षं."

फोटो मोठा होता. लाकडी बराकीपुढे उभी केलेली माणसं, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, टोप्या घातलेले पुरुष, दोन-तीन तर अगदी पोरसवदा. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते आणि हसत कुणीच नव्हतं. खाली मोजक्या ओळी होत्या. लढाईच्या काळात पोलंडहून, रशियाहून, फ्रान्सहून हजारो लोकांना जबरदस्तीने कारखान्यात कामाला आणलं, तारेच्या कुंपणात ठेवलं, त्यातले बरेच परत गेले नाहीत. कंपनीने स्वतःच लिहिलं होतं, काही न लपवता.

"माणूस गाडी बघायला येणार. बायको बरोबर असणार, मूड चांगला असणार," विघ्नेश म्हणाला. "आणि समोर हे? काढा."

"हेड ऑफिसनेच पाठवलाय, सर. मिस केलर विचारतील ना."

"विचारलं तर सांगा, शिपिंगमध्ये तुटला. खलास. तिथे आपल्या गोल्फ टूर्नामेंटचा फोटो लावा, छान आलाय तो."

"मी सांगू?"

"एक्झिबिशन तुमचंच आहे ना, जीन?" तो हसला. "आणि हो, तुमचा रिन्यूअलचा कागद माझ्या टेबलावर आहे. उद्याचं नीट पार पडू दे, मग बसू."

तो गेला. जीन तिथेच उभी राहिली. तिला राग आला, पण रागालाही अंगात थोडी ताकद लागते. पॅट्रिकची नोकरी उन्हाळ्यापूर्वीच गेली होती आणि आता तो तिच्या व्हिसावर घरात बसून होता. रॉयडनचं बारावीचं वर्ष. तिचा करार वाढला नाही तर ऐन परीक्षेच्या तोंडावर वसईला जाऊन बसायचं. एवढं सगळं एका फोटोपायी? तिने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"दत्ताराम, हा उतरवा."

"आत्ताच तर लावला, मॅडम."

"माहितीय मला. उतरवा."

दत्तारामने पुन्हा शिडी सरकवली. राजापूरकडचा माणूस, मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात राहायचा, कॉन्ट्रॅक्टरकडून इथे वर्कशॉपच्या पडेल त्या कामाला यायचा. त्याने फलक खाली घेतला, मांडीला टेकवून धरला आणि जवळून बघितला.

"ही कोण माणसं?"

"कामगार. लढाईच्या वेळी पकडून आणलेले."

"सुट्टीला गावी सोडायचे?"

"नाही हो."

"मग आता कोण हयात असतील?"

"कुठून असणार? किती वर्षं झाली."

"हं," दत्ताराम म्हणाला. "कुठे ठेवू?"

"मागे वर्कशॉपात कुठेतरी. पुढे दिसायला नको."

फलक तसा जड नव्हता, पण त्याने तो दोन्ही हातांनी छातीशी धरून नेला.

संध्याकाळी अल कुसैसच्या घरी पॅट्रिकने तिच्यापुढे चहा ठेवला आणि विचारायचं ते विचारलंच.

"केली का सही त्याने?"

"उद्यानंतर."

"काही बोलली नाहीस ना उलटसुलट? तुझी जीभ कधी कधी..."

"माझी जीभ पार थकलीय, पॅट्रिक. काळजी करू नको."

आतून रॉयडन ओरडला, "मम्मी, आर वी स्टेइंग ऑर नॉट? आय हॅव टू टेल देम अबाउट द बोर्ड फॉर्म."

"स्टेइंग," जीन म्हणाली आणि चहा तसाच ठेवून कपडे बदलायला गेली.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. जीनच्या ते ध्यानातही नव्हतं. शोरूमच्या पुढच्या भागात त्याची काही खूणच नव्हती. तिथे खजूर, कहवा आणि पांढरी ऑर्किडं होती.

मिस केलर सडपातळ, पिकल्या केसांच्या, सपाट बूट घातलेल्या बाई निघाल्या. विघ्नेशने नव्या मॉडेलचं दार उघडून धरलं होतं, पण त्या "सुंदर, सुंदर" म्हणत सरळ भिंतीपाशी गेल्या आणि एकेक फलक वाचत चालू लागल्या. आपणच लिहिलेलं कुणी इतकं मन लावून वाचतं का, असं जीनला वाटलं. सहाव्यापुढे गोल्फची काठी उचललेला विघ्नेश होता. बाई थांबल्या.

"सातवा?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

विघ्नेश बाजूलाच उभा होता. टायची गाठ चाचपत होता.

"तो वाटेत तुटला, मॅम," जीन म्हणाली. किती सहज म्हणाली! तिला स्वतःचीच किळस आली.

"अरेरे. तो फोटो मिळवायला आम्हाला फार शोधाशोध करावी लागली होती. त्यातल्या बहुतेकांची नावं अजूनही सापडलेली नाहीत." त्या क्षणभर गोल्फच्या फोटोकडे बघत राहिल्या. "दुसरा पाठवते. आता मला वर्कशॉप दाखवाल? मी कुठेही गेले की वर्कशॉप बघतेच."

"व्हाय नॉट!" विघ्नेश खुलला. वर्कशॉप त्याचं अभिमानाचं ठिकाण होतं, तिथल्या फरशीवर जेवावं इतकं चकाचक.

फलक तिथे कुठे ठेवलाय, उभा की आडवा, झाकलाय की उघडा, हे जीनने विचारलंच नव्हतं. एखाद्या टायरमागे असू दे, देवा, असं म्हणत ती दोघांच्या मागून चालली.

फलक टायरमागे नव्हता. गाड्या उचलायच्या दोन लिफ्टच्या मधोमध, एका टेबलावर लाल कापड अंथरून, तो भिंतीला टेकवून उभा केला होता. पुढे पाने, पक्कड, जॅक, टॉर्क रेंच ओळीने मांडले होते आणि प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं होती. लिफ्टच्या खांबांना झेंडूच्या माळा होत्या. सर्वांत जाड हार फलकावर होता. आणि फोटोतल्या प्रत्येक माणसाच्या कपाळावर, मागच्या रांगेत जेमतेम दिसणाऱ्या पोराच्यासुद्धा, कुंकवाचा टिळा होता. मेकॅनिक मंडळी हातात पेढे घेऊन उभी होती. साहेब लोकांना बघून सगळे जरा मागे सरकले.

मिस केलर पुढे झाल्या. त्या टेबलापाशी गेल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला.

आधी बोलला तो विघ्नेश. त्याचं डोकं भारीच चालायचं.

"सरप्राइज होतं," तो म्हणाला. "आज आमचा सण आहे, अवजारांची पूजा असते. आम्ही ठरवलं की या फलकाला शोरूममध्ये नाही, कामगारांमध्ये मानाची जागा द्यायची."

"पण या तर म्हणाल्या की तुटला."

"जीनचा काहीतरी गोंधळ झालाय." त्याने जीनकडे फार समजूतदारपणे पाहिलं. "गेले काही दिवस त्या खूप थकल्या आहेत. आम्ही बघतोय त्याचं काय करायचं ते."

जीनला कळलं. रिन्यूअलचा कागद आत्ता, इथल्या इथे फाटला होता. त्याने सांगितलेलं खोटं तिने बोलायचं, आणि त्याचं ओझंही तिनेच न्यायचं.

"याची मांडणी कुणी केली?" बाईंनी विचारलं. दोघा-तिघांनी दत्तारामकडे बघितलं. तो पुढे आला. हात पुसावेत की जोडावेत हे न कळून त्याने दोन्ही केलं.

"त्यांना विचारा, हे लाल का लावलंय?"

"मी विचारतो," विघ्नेश म्हणाला.

"नको. यांना विचारू द्या."

जीनने विचारलं. दत्ताराम अडखळत बोलला आणि ती वाक्यावाक्याला इंग्रजीत सांगत गेली. हत्यारांची पूजा आहे, मग ती ज्यांनी हातात धरली त्या माणसांना कसं वगळायचं? गेलेल्या माणसाचा फोटो असला की हार घालायचा, अशी रीत आहे. फक्त बायकांना कुंकू लावायचं की नाही यावरून पोरांत वाद झाला. त्यांचे नवरे तेव्हा होते की नव्हते, काय माहीत!

"मग मी बोललो, लावा. त्यांच्या घरच्यांना त्या कुठे गेल्या तेपण कळलं नसेल. इथे दसऱ्याला कोणीतरी लावलं, काय बिघडलं?"

हेही जीनने शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. मिस केलर मान हलवत राहिल्या.

"आता त्यांना हे विचारा," त्या सावकाश म्हणाल्या, "हा फलक इथे आला कसा?"

"दत्ताराम," जीन म्हणाली, "बाई विचारतायत, हा फलक इथे कसा आला?"

दत्तारामने तिच्याकडे पाहिलं, मग विघ्नेशसरांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण चेहरे त्याला वाचता येत होते. कुणाच्या मानेवर काय येऊन पडलंय ते त्याने केव्हाच ओळखलं होतं.

"सांगा त्यांना, माझी चूक," तो भराभर म्हणाला. "मीच मॅडमना बोललो फलक तुटलाय म्हणून. मला तो पूजेला पाहिजे होता, म्हणून खोटं बोललो नि इकडे आणला. मॅडमना काय ठाऊक नाय, सरांनापण नाय. काय ओरडायचं ते मला ओरडा म्हणावं."

विघ्नेशचे खांदे सैल झाले. त्याला हे पसंत पडलेलं दिसलं. सगळ्यांचंच भागत होतं. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, त्याला काय, उद्या दुसरा येईल.

"सांगा ना, जीन," तो मराठीत, अगदी मायेने म्हणाला. "तो म्हणतोय तसंच सांगा त्यांना."

जीनने ओठांवरून जीभ फिरवली. डोळ्यांपुढे रॉयडन आला, दारात उभा, हातात फॉर्म घेतलेला. पॅट्रिक आला, चहाच्या कपासकट. मग ती मिस केलरकडे वळली आणि हळू, स्पष्ट इंग्रजीत बोलू लागली.

"तो म्हणतो, फलक कधी तुटलाच नव्हता. काल त्यानेच तो भिंतीवर लावला, सातव्या जागी. मग मी त्याला उतरवायला सांगितला आणि त्याने मागे आणून ठेवला. तो म्हणतो, मॅडमना तसं सरांनी सांगितलं होतं. तुटला असं सांगायलाही सरांनीच सांगितलं होतं, आणि मॅडमनी ते सांगितलं."

विघ्नेशचा चेहरा पडला.

"जीन," तो मराठीत पुटपुटला, "तो असं काहीही बोलला नाहीये."

"हो, सर," जीन मराठीतच म्हणाली. "सांगा मग त्यांना, तो काय बोलला ते."

विघ्नेशच्या आत्ता ध्यानात आलं, 'सरांना ठाऊक नाय' हे सांगावं तर त्याचं मघाचं 'आम्ही ठरवलं' खोटं पडत होतं. मिस केलर एकदा त्याच्याकडे, एकदा जीनकडे बघत होत्या. मग त्यांनी पर्स बाजूला ठेवली, दत्तारामला नमस्कार केला, चुकीच्या पद्धतीने, हात फार वर नेऊन. "आपण वर ऑफिसात बसू या," त्या विघ्नेशला म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. जीनला तो ओळखीचा वाटला.

दत्ताराम जीनच्या जवळ सरकला.

"बोललात ना मॅडम, मी सांगितलं तसंच?"

"हो," जीन म्हणाली. "अगदी तसंच."

त्याला हायसं वाटलं. त्याने टेबलावरची प्रसादाची ताटली उचलली आणि आधी विघ्नेशसरांपुढे धरली.