नंबर एक्केचाळीस आणि बेचाळीस

साहेब, तुम्ही आमचं रक्त नेलं आणि तोंड लपवलं.

दर्यापूरकडच्या आमच्या शाळेत तुम्ही रक्त तपासायला आलात, तेव्हा सगळी वस्ती बोटं पुढं करून उभी होती. माझा थोरला धर्मपाल एक्केचाळीस नंबरवर, त्याच्या मामाची लेक शकुन बेचाळीसवर. तुम्हीच समजावलं होतं, काहींच्या रक्तातले कण विळ्यासारखे वाकतात. हा विळा एकाच बाजूनं आला तर माणूस धड राहतो, हिवतापातूनही तगतो. आई-बाप दोघांकडून आला तर लेकराचे हाल होतात. एका बाजूच्या विळ्यामुळंच पूर्णा नदीकाठच्या हिवतापात आमचे आजे वाचले. आता घरोघरी पावडर फवारून सरकारनं ताप घालवला. विळा राहिला. धाकटा देवमन त्यानंच गेला, सातव्या वर्षी, गुडघे धरून.

त्यानंतर बायकोनं, मनकर्णानं, हट्टच धरला. सून भावाचीच लेक हवी.

"परक्या घरचं रगत कोनं पाह्यलं? शकुन ओयखीची हाये."

"तेच तर भेव हाये. तुह्यात विळा हाये, मंग तुह्या भावात नसंन काहून?"

"म्हंजे मीच खाल्लं लेकराले?"

"माह्यातबी हाये. दोघानंबी देला."

मेहुणा खुशालराव, शकुनचा बाप, मात्र हसला. "भाऊजी, आज विळा दिसला, उद्या वखर दिसंन. पोरगी पसंत नसंन त सरळ सांगा."

शकुन धट्टीकट्टी आहे. धर्मपालही. तशी मनकर्णाही होती, मीही होतो.

अकोल्याला तुमच्या कचेरीत मी तीन खेपा घातल्या. कारकून म्हणाला, "रजिस्टर अभ्यासासाठी आहे, सोयऱ्यांसाठी नाही." मी म्हटलं, रक्त सोयऱ्यांचंच आहे. तो जेवायला उठला. रजिस्टर तोवर त्याच्या कोपराखालीच होतं.

रविवारी विहारात लग्न आहे. मोडलं आणि रक्त चांगलं निघालं, तर मनकर्णाचं माहेर फुकट तुटेल. होऊ दिलं आणि दोघांतही विळा निघाला, तर उद्या नातवाचे गुडघे दाबत मीच बसेन. ती अजून रोज विचारते, "भावाले काय सांगू?"

मला उपदेश नको, औषधाची बाटलीही नको. एक्केचाळीस आणि बेचाळीस, दोघांपुढं तुम्ही काय लिहिलं आहे? शनिवारच्या आत सांगा.