गंजलेल्या कोंबड्याची चोच

माझ्या उजव्या डोळ्यात फूल पडले आहे मित्रांनो, आणि डाव्या डोळ्याने मला फक्त लांबचे दिसते. दुर्बिणीचा जन्मच तसा. तीन चौक पलीकडच्या कळसावर बसलेले कबूतर मी ओळखेन, पण नाकासमोरचा माणूस मला कायम धूसर. त्याचे मला कधी काही वाटले नव्हते. आता मात्र जीव जळतो.

भिंगे घासणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी तयार झाले. पितळी नळ्या, वर काळे चामडे, मधोमध एक स्क्रू. दुकानाच्या काचेत वर्षभर धूळ खात बसले होते, तेव्हा एक सडपातळ तरुण आत आला. "पक्षी बघायला हवी का?" दुकानदाराने विचारले. "नाही, इमारती बघायला," तो म्हणाला. याचाच एखादा स्क्रू ढिला असावा, अशा नजरेने दुकानदाराने मला त्याच्या हाती दिले.

त्या तरुणाला पुढे सगळे 'मान वर मास्तर' म्हणू लागले. दर रविवारी सकाळी दहा-बारा लोकांना घेऊन ते शहराच्या जुन्या मध्यभागातून पायी हिंडायचे. बँका, कचेऱ्या, जुनी नाट्यगृहे, दगडी कमानी आणि नक्षीच्या लोखंडी गॅलऱ्या असे सगळे ते दाखवायचे. त्यांची शिस्त कडक होती. कुणी इमारतीला खेटून उभे राहिले की ओरडायचे, "आधी रस्ता ओलांडा! इमारत समोरच्या फुटपाथवरून बघायची असते. आणि तळमजल्याकडे बघूच नका, तिथे नुसत्या पाट्या आहेत. मान वर!" मग मी हातोहात फिरायचे. कुणाला खांबाच्या माथ्यावर दगडी पाने सापडायची, कुणाला छज्ज्याखाली जीभ दाखवणारा एक चेहरा. "अहो, इथे वीस वर्षं नोकरी केली, हे कधी दिसलंच नाही!" असे कुणी म्हटले, की मास्तर लहान मुलासारखे खूश व्हायचे आणि मी उगाच भाव खायचे.

फेरी संपायची सहा रस्त्यांच्या चौकात. तिथल्या जुन्या विमा कचेरीच्या घुमटावर तांब्याचा एक कोंबडा आहे. वाऱ्याची दिशा दाखवायला बसवलेला, पण मास्तरांच्या लहानपणीच तो गंजून जागच्या जागी अडकला होता. त्याची चोच सहा रस्त्यांपैकी नेमक्या आमच्या घराच्या रस्त्याकडे. "माझा कोंबडा कामचुकार आहे," मास्तर सांगायचे, "पण मला घरी पोचवायचं काम चोख करतो." लोक हसायचे. मीही हसायचे.

मग मास्तर तारखा चुकू लागले. एकदा मला बँकेच्या पायरीवर ठेवून ते निघूनच गेले. मी गडगडत खाली आले आणि उजवे भिंग तडकले. चौकात पेपर विकणाऱ्या बाईंनी मला उचलून घरी आणून दिले. मास्तरांची लेक जुन्या इमारतींच्या डागडुजीवर देखरेख करते. ती म्हणाली, "बाबा, आता फेऱ्या पुरे. वय झालं तुमचं." तिला वाटले, वयच झाले. पण मी त्यांच्या गळ्यात होते, मला ऐकू येत होते. रोज सकाळी ते एकटे फिरायला जायचे आणि परतताना चौकात थांबून, मला डोळ्याला लावून पुटपुटायचे, "चोच तिकडे, घर तिकडे." पूर्वी ती थट्टा होती. आता त्यांना घराचा रस्ता खरोखरच आठवत नव्हता. लाजेपोटी ते कुणाला सांगत नव्हते, आणि मला तर तोंडच नाही.

त्याच दिवसांत विमा कचेरीच्या घुमटाचे काम लेकीकडे आले. मास्तरांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी सकाळी ती दारातून म्हणाली, "बाबा, चौकात जा आणि वर बघा. तुमच्यासाठी गंमत केलीय!"

मास्तर गेले. मला डोळ्याला लावले. कोंबडा नव्यासारखा चकाकत होता. लेकीने त्याचा गंज काढून, तेलपाणी करून त्याला मोकळे केले होते. आणि मित्रांनो, तो फिरत होता.

मास्तर खूप वेळ बघत राहिले. मग वारा पडला, कोंबडा थांबला आणि मास्तर त्याच्या चोचीच्या रस्त्याने चालू लागले. तो आमचा रस्ता नव्हता! मी त्यांच्या छातीवर आपटत होते, दुसरे काय करणार? घर सापडेना, म्हणून ते घुमटाच्या रोखाने चौकात परत आले. तोवर वारा बदलला होता. त्यांनी दुसरा रस्ता धरला. मग तिसरा. दुपारी एक चप्पल कुठेतरी निसटली. ओळखीच्या कमानींखाली उभे राहून ते "मान वर, मान वर" असे स्वतःलाच सांगत होते, आणि त्यांचा आवाज रडवेला झाला होता. एका मुलीने विचारले, "आजोबा, कुठे राहता?" त्यांनी आभाळाकडे बोट दाखवले. ती घाबरून निघून गेली.

लेकीचे हाल मला मागाहून पेपरवाल्या बाईंकडून कळले. जेवायला बाबा आले नाहीत म्हणून ती दवाखाने, पोलीस चौकी, बसस्थानक सगळे पालथे घालून संध्याकाळी चौकात आली. बाई म्हणाल्या, "अगं, मास्तर सकाळपासून चारदा येऊन गेले इथे! दर वेळी वर बघतात आणि निराळ्याच रस्त्याला लागतात. मला वाटलं, वाढदिवसाचं फिरताहेत."

लेकीने वर पाहिले. मोकळा झालेला कोंबडा वाऱ्याबरोबर फिरत होता. "बाई, मीच..." एवढेच ती बोलली आणि घुमटाच्या कामासाठी बांधलेल्या बांबूंच्या परांचीकडे धावली.

तेव्हा आम्ही दोन चौक पलीकडे एका कचेरीच्या पायरीवर बसलो होतो. उजेड विझत चालला होता. मास्तरांनी मला पुन्हा वर उचलले. मी माझ्या एकुलत्या डोळ्यात प्राण आणले. कोंबडा इकडे वळत होता, तिकडे वळत होता. आणि मग परांचीवर कुणीतरी दिसले. त्या माणसाने कोंबड्याला मिठी मारली, सगळ्या अंगाचा जोर लावून त्याला वळवले, आणि बांधकामाच्या तारेने करकचून बांधले. चोच थरथरली आणि थांबली.

"हां," मास्तर म्हणाले. "घर तिकडे."

ते एका पायात चप्पल घालून चौकापर्यंत आले आणि बरोबर आमच्या रस्त्याला लागले. मागून धापा टाकत, रक्ताळलेल्या हातांनी लेक आली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिले आणि अदबीने थोडे बाजूला झाले.

"बाई, रस्ता ओलांडून या. इथून नीट दिसणार नाही," ते म्हणाले. "मान वर करा. तो कोंबडा पाहिलात? इतकी वर्षं झाली, जागचा हलला नाही."

लेकीने मान वर केली. मग म्हणाली, "पाहिला, मास्तर. फार छान आहे."

त्यानंतर तिला ते 'बाई'च म्हणतात. संध्याकाळी ती त्यांना खिडकीशी बसवते, मला त्यांच्या डोळ्याला लावते आणि माझा स्क्रू फिरवत विचारते, "मास्तर, चोच कुठे आहे?" "आपल्या घराकडे," ते सांगतात. तेव्हा तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर असतो. मला तो दिसत नाही.

मित्रांनो, कळस आणि कमानी जरूर बघा, पण तुम्हाला मान वर करायला सांगणाऱ्याचा चेहराही एकदा जवळून बघून घ्या. मला ते जमले नाही. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी तो कोंबडा दुरुस्त करायला चढलाच, तर तार सोडण्याआधी खाली वाकून बघा. चौकात कुणी म्हातारा माणूस वर बघत उभा असेल, तर कृपा करा, त्या दिवशी काम बंद ठेवा.